अंगरख्याच्या अस्तरातला आनंद



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरींवर फुले येतात आणि मृतांसाठी मिस्सा सांगायला चर्चच्या कार्यालयात रोज माणसे येतात. नाव लिहून झाले तरी काही जण लगेच उठत नाहीत, थोडा वेळ बसतात. बोलता बोलता एक गोष्ट दर वर्षी कानावर येते. प्रार्थना करतो, रोझरी चुकवत नाही, पण आतून काही जाणवत नाही. ज्याच्याशी बोलतो तो दिसत नाही आणि जो गेला तोही दिसत नाही. असे सांगणाऱ्या माणसांना ते सांगताना थोडे अपराधी वाटत असते, जणू पापनिवेदनच चालले आहे.

खरे सांगायचे तर आमची स्थिती फार वेगळी नाही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका तरुण मुलाच्या अंत्यविधीनंतर त्याच्या आईने आम्हाला विचारले की तिचा मुलगा आता नेमका कुठे आहे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेली, आत्मा अमर असल्याची प्रमाणे पाठ केलेली. त्यातले एकही त्या घरात तोंडातून बाहेर पडेना. आम्ही तिच्याजवळ बसलो, रोझरीचे एक दशक म्हटले आणि परत आलो. त्या रात्री झोप येईना म्हणून जुनी पुस्तके चाळत बसलो, तेव्हा ब्लेझ पास्कल यांचे चरित्र हाती लागले. सेमिनरीत ते आम्हाला एका तासिकेत शिकवून संपवले होते. त्या माणसाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे, कारण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रात्र याच महिन्यातली, २३ नोव्हेंबरची, संत क्लेमेंट यांच्या सणाची.

पास्कल हे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे. विज्ञानाच्या पुस्तकात दाब मोजण्याचे एकक म्हणून ते येते. गाडीचे ब्रेक आणि गॅरेजमधला जॅक ज्या नियमावर चालतो तो पास्कल यांचाच. समुद्रात वादळ उठले की हवामान खात्याच्या सूचनेत हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. पण हा गणिती, हा शास्त्रज्ञ, आपल्याच कॅथलिक चर्चचा एक सुपुत्र होता, वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी वारला आणि त्याच्या अंगरख्यात एक कागद शिवलेला सापडला, हे मुलांना पुस्तकात कुणी सांगत नाही.

पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. वडील एतिएन हे करखात्याच्या न्यायालयातले वरिष्ठ अधिकारी. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई वारली. मोठी बहीण जिल्बर्त, धाकटी जॅकलिन आणि मधला हा अशक्त मुलगा. वडिलांनी दुसरे लग्न केले नाही. १६३१ साली मुलांना घेऊन ते पॅरिसला आले आणि मुलाला शाळेत न घालता स्वतःच शिकवू लागले. त्यांचा एक नियम होता. आधी भाषा, गणित नंतर. गणिताची गोडी लागली तर मुलगा लॅटिन-ग्रीक टाकून देईल म्हणून त्यांनी भूमितीची पुस्तकेच कुलपात ठेवली. मुलाने काय करावे? बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाचा तुकडा घेऊन फरशीवर रेघा ओढू लागला. रेषेला काय म्हणतात, वर्तुळाला काय म्हणतात हेही त्याला कुणी शिकवले नव्हते, म्हणून त्याने दांडी आणि गोल अशी आपलीच नावे पाडली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, इथपर्यंत तो आपला आपण पोहोचला असताना वडील खोलीत आले. बाप रागावला नाही. शेजारच्या मित्राकडे जाऊन तो रडला, असे जिल्बर्तने लिहून ठेवले आहे.

पुढे वडिलांची नेमणूक रुआँ शहरात करवसुलीवर झाली. रात्र रात्र बेरजा करणाऱ्या बापाचे कष्ट वाचावेत म्हणून १६४२ साली, एकोणिसाव्या वर्षी, ब्लेझने बेरीज-वजाबाकी करणारे दातेरी चाकांचे यंत्र बनवायला घेतले. मनासारखे होईपर्यंत सुमारे पन्नास नमुने करून पाहिले. यंत्र फारसे खपले नाही, महाग पडत होते. पण या सगळ्या कष्टात तब्येत गेली. अठराव्या वर्षापासून दुखण्यावाचून एकही दिवस गेला नाही, असे ते पुढे घरच्यांना सांगत.

जानेवारी १६४६ मध्ये वडील बर्फावरून घसरून पडले आणि कमरेचे हाड दुखावले. उपचारासाठी दोघे भाऊ घरी येऊन तीन महिने राहिले. हाडवैद्यकात वाकबगार असलेले हे दोघे मोठे भाविक होते. त्यांनी हाड बसवले आणि जाताना घरात काही धार्मिक पुस्तके ठेवून गेले. त्या पुस्तकांनी सगळे कुटुंब देवाकडे वळले. कॅथलिक ते होतेच, पण आता मनापासून झाले. घरातला पहिला उत्साही म्हणजे तेवीस वर्षांचा ब्लेझ. त्याने वडिलांना, बहिणींना, सर्वांना ओढले.

आता शास्त्रज्ञ पास्कल यांच्याकडे जरा सविस्तर वळू, कारण न दिसणाऱ्या गोष्टींशी त्यांची पहिली झुंज तिथे झाली. इटलीत तोरिचेल्ली यांनी पारा भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली होती. पारा थोडा खाली येतो आणि मग थांबतो. वर रिकामी जागा उरते. त्या जागेत काय आहे आणि पारा तिथेच का थांबतो? निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे म्हणून पारा धरून ठेवला जातो, असे जुने पंडित म्हणत. पास्कल यांना वाटले की बाहेरच्या हवेला वजन आहे आणि तिच्या दाबाने पारा नळीत उभा राहतो. हवा दिसत नाही, हातात येत नाही, तिचे ओझे कुणाला जाणवत नाही. मग सिद्ध कसे करायचे? उंच डोंगरावर जावे. तिथे वरची हवा कमी, म्हणजे दाब कमी, म्हणजे पारा खाली यायला हवा.

पास्कल स्वतः आजारी होते. त्यांनी क्लेरमाँला जिल्बर्तच्या नवऱ्याला, फ्लोराँ पेरिए यांना, पत्र लिहिले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी सकाळी पेरिए काही प्रतिष्ठित मंडळी घेऊन निघाले. बरोबर कॅथीड्रलचे एक धर्मगुरू आणि मिनिम संघाचे एक फादरही होते. एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि ती दिवसभर पाहायला एका व्रतस्थाला बसवले. दुसरी नळी घेऊन ते प्युई द दोम या डोंगराच्या माथ्यावर, सुमारे हजार मीटर वर गेले. वर पारा खालच्यापेक्षा आठ सेंटीमीटरहून अधिक उतरला होता. त्यांनी माथ्यावर जागा बदलून पाच वेळा मोजून पाहिले. खालच्या बागेतला पारा दिवसभर हललाही नव्हता. जगाला त्या दिवशी कळले की आपण सगळे हवेच्या एका सागराच्या तळाशी चालतो आहोत. पुढे पास्कल यांनी पॅरिसमध्ये सेंट जेम्स चर्चच्या मनोऱ्यावर हाच प्रयोग केला. चर्च आज नाही, मनोरा आहे आणि त्याच्या पायाशी पास्कल यांचा पुतळा आहे.

आम्हाला एक मोह इथे होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही कधी कधी सांगून टाकतो की बाळांनो, हवा दिसत नाही पण आहे, तसा देव दिसत नाही पण आहे. उदाहरण सोपे आहे, मुलांना पटते. पण ज्या माणसाने हवेचे वजन खरोखर करून दाखवले, त्याने हे उदाहरण देवासाठी असे वापरले नाही. हवा नळीत पकडता येते, डोंगरावर नेऊन मोजता येते. देव असा पकडीत येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचा देव लपलेला देव होता, यशया संदेष्ट्याने सांगितलेला.

२४ सप्टेंबर १६५१ रोजी वडील वारले. त्यानंतर तीन आठवड्यांनी पास्कल यांनी जिल्बर्तला आणि मेहुण्यांना एक लांब पत्र लिहिले. नोव्हेंबर महिन्यात कुटुंबात वाचावे असे ते पत्र आहे. मरणाकडे ख्रिस्ताला वगळून पाहिले तर ते भयंकर दिसते, ख्रिस्तामध्ये पाहिले तर ते यज्ञाची पूर्तता ठरते, असा त्याचा आशय. ज्याचे दुःख करतो त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि तो जिवंत असता तर त्याने आपल्याला जे करायला सांगितले असते ते करावे, असेही त्यांनी लिहिले. एकही वाक्य चुकीचे नाही. आम्ही प्रवचनात त्यापेक्षा चांगले सांगू शकणार नाही.

आणि तरी पुढचे पाहा. जॅकलिनला पोर्ट रॉयलच्या मठात जायचे होते. वडील असेपर्यंत त्यांनी परवानगी दिली नव्हती. आता ब्लेझनेच तिला अडवले. ज्याने तिला देवाकडे ओढले, तोच म्हणू लागला की मला सोडून जाऊ नकोस. ती जानेवारी १६५२ मध्ये निघून गेली. मग तिच्या वाट्याच्या पैशांवरून कुरबुर झाली. एवढे सुंदर सांत्वनपत्र लिहिणारा माणूस प्रत्यक्षात एकटा पडला होता, घाबरला होता. आम्हाला या ठिकाणी पास्कल फार जवळचे वाटतात. योग्य उत्तरे ठाऊक असणे आणि मनाला शांती असणे यांत किती अंतर असते हे कोणत्याही धर्मगुरूला विचारा.

पुढची दोन-तीन वर्षे ते पॅरिसच्या उच्चभ्रू लोकांत रमले. रोआनेच्या तरुण ड्यूकशी मैत्री झाली. जुगाराचा डाव मध्येच थांबला तर पैसे कसे वाटायचे, या प्रश्नावर १६५४ च्या उन्हाळ्यात त्यांनी फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला. त्यातून संभाव्यतेचे गणित जन्मले. आज विम्याचा हप्ता ठरवताना तेच गणित लागते. कीर्ती होती, बुद्धी तळपत होती, मित्र होते. आणि त्याच शरद ऋतूत ते वारंवार मठाच्या जाळीपाशी जाऊन धाकट्या बहिणीजवळ मन मोकळे करू लागले. जगाचा वीट आला आहे, सर्व सोडावेसे वाटते, पण देवाकडूनही काही ओढ जाणवत नाही, असे ते सांगत. जॅकलिनने हे जिल्बर्तला कळवले म्हणून आपल्याला ठाऊक. वाचताना आम्हाला आमचे कार्यालय आठवले. अगदी तीच तक्रार, तेच ओशाळलेपण.

जॅकलिनने त्यांना काय उत्तर दिले असेल? तिने वाद घातला नाही. ती ऐकत राहिली, प्रार्थना करत राहिली. घरात कुणी असे कोरडे झाले असेल तर त्याच्यामागे उपदेश घेऊन धावणाऱ्यांनी या धाकट्या बहिणीकडे पाहावे.

२३ नोव्हेंबर १६५४, सोमवार. रात्री सुमारे साडेदहापासून साडेबारापर्यंत पास्कल यांना देवाचा अनुभव आला. काय घडले याचे वर्णन त्यांनी कुठे केलेले नाही. त्या रात्री एका कागदावर घाईघाईने काही तुटक ओळी लिहिल्या, तेवढाच पुरावा. वर क्रूस, मग तारीख, त्या दिवशीच्या संतांची नावे, वेळ. मग आगीसाठी असलेला एकच शब्द, ओळीवर एकटा. त्यानंतर अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव आणि हा देव तत्त्वज्ञ व विद्वानांचा नव्हे अशी नोंद. (तत्त्वज्ञानाची पदवी भिंतीवर लावणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही नोंद खाली मान घालून वाचावी.) मग खात्री, मग आनंद, मग शांती. आनंद हा शब्द त्या छोट्या कागदावर पुन्हा पुन्हा येतो, एके ठिकाणी तर एकामागून एक, आणि त्याच्याबरोबर आसवे. येशू ख्रिस्ताचे नाव. आपण त्याला सोडून दूर गेलो याचा पश्चात्ताप. योहानच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायाचा, म्हणजे प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री केलेल्या प्रार्थनेचा आधार. पुन्हा कधी दूर न होण्याची विनवणी.

ज्या माणसाने पारा पाच वेळा मोजला गेल्यावर मगच निष्कर्ष लिहिला, त्याने या कागदावर तास आणि मिनिटेही लिहिली आहेत. सवयच ती. पण मोजण्यासारखे दुसरे काही त्यात नाही.

दोन तास संपले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, पोट दुखतच होते, डोके दुखतच होते. पास्कल यांनी त्या रात्रीबद्दल घरात कुणालाही सांगितले नाही. गवगवा केला नाही, साक्ष देत फिरले नाहीत. जानेवारीत काही आठवडे पोर्ट रॉयलच्या परिसरात एकांतवासाला गेले. त्यांच्यातला बदल मात्र सर्वांना दिसला. जॅकलिनला तर भाऊ एवढा आनंदी पाहून गंमत वाटली, कारण इतक्या कडक पश्चात्तापी माणसाने एवढे हसरे कसे असावे असा तिला प्रश्न पडला होता.

पोर्ट रॉयलचा विषय नाजूक आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिथली शिकवण फार कडक होती. मानवी स्वातंत्र्य आणि देवाची कृपा यांविषयी त्या गटाला चिकटवलेली पाच मते पोपमहोदयांनी १६५३ साली चुकीची ठरवली. पास्कल यांनी मित्रांची बाजू घेऊन १६५६-५७ मध्ये अठरा पत्रे टोपणनावाने छापली. त्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंची अशी खिल्ली उडवली की सारे पॅरिस हसले. ती पत्रे निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. फ्रेंच भाषेचे ते वैभव मानतात, पण आमच्या मते पास्कल काही ठिकाणी अन्याय करून गेले. आम्हाला शिकवणारे बरेच प्राध्यापक येशूसंघाचे होते. त्यांनी पास्कल यांना केव्हाच माफ केले होते, असे त्यांच्या शिकवण्यावरून वाटे. पुढे १९ जून २०२३ रोजी, पास्कल यांच्या जन्माला चारशे वर्षे झाली त्या दिवशी, त्यांच्या गौरवार्थ प्रेषितीय पत्र लिहिले ते पोप फ्रान्सिस यांनी, जे स्वतः येशूसंघाचेच होते. मानवाची थोरवी आणि दैन्य, असा त्या पत्राच्या लॅटिन नावाचा अर्थ.

२४ मार्च १६५६ रोजी एक घटना घडली. जिल्बर्तची दहा वर्षांची मुलगी मार्गरीट पोर्ट रॉयलच्या मठात शिकत होती. तीन वर्षांहून अधिक काळ तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात नासूर होते, पू वाहत असे, डॉक्टर डाग देण्याच्या विचारात होते. त्या दिवशी प्रभूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा काटा तिच्या डोळ्याला लावला आणि ती बरी झाली. पॅरिसच्या धर्माधिकाऱ्यांनी चौकशी करून त्याच वर्षी हा चमत्कार मान्य केला. पास्कल यांनी आपल्या मोहरेवर काटेरी मुकुटाच्या मध्ये एक डोळा कोरून घेतला.

कुणाला वाटेल, आता तर देव उघड दिसला, आता लपलेपण संपले. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या ड्यूक मित्राच्या बहिणीला पत्र लिहिले आणि त्यात लपलेल्या देवाविषयीच लिहिले. त्याचा सारांश असा. देव प्रथम सृष्टीच्या पडद्याआड लपला. मग तो माणूस झाला, तेव्हा तर तो आणखीच लपला, कारण नाझरेथच्या सुताराकडे पाहून कोण ओळखणार? आणि शेवटी तो सर्वांत अधिक लपला तो भाकरीच्या रूपात, पवित्र कम्युनियनमध्ये. आपली कल्पना असते की देव हळूहळू अधिक स्पष्ट होत जातो. पास्कल सांगतात की तो जितका जवळ येतो तितका अधिक लपतो. रविवारी वेदीपुढे रांगेत उभे असताना ज्यांना काही जाणवत नाही, त्यांनी हा विचार घरी नेऊन पाहावा.

याच काळात ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनार्थ एक मोठा ग्रंथ लिहायचे त्यांनी मनावर घेतले. तो पुरा झाला नाही. मोठ्या कागदांवर लिहायचे, कात्रीने तुकडे करायचे, दोऱ्यात ओवून जुडगे बांधायचे, अशी शेकडो टिपणे राहिली. १६७० साली त्यांचे पुस्तक झाले, तेच पॉन्से, म्हणजे विचार. त्यातला पैजेचा मुद्दा प्रसिद्ध आहे. देव आहे या बाजूने पैज लावली तर मिळवण्यासारखे अनंत आहे आणि गमावण्यासारखे थोडे. सेमिनरीत आम्ही हे ऐकून खूप हसलो होतो, देव म्हणजे काय लॉटरी आहे? पण पुढचा भाग आम्हाला कुणी वाचून दाखवला नव्हता. ज्याला पैज पटली तरी विश्वास ठेवता येत नाही, त्याला पास्कल आणखी एक प्रमाण देत नाहीत. ते त्याला चर्चमध्ये पाठवतात. आशीर्वादित पाणी घे, मिस्सा सांग, जे विश्वास ठेवतात ते जसे करतात तसे तूही करू लाग, असा त्यांचा सल्ला आहे. एवढा मोठा गणिती आपल्या आजीसारखे बोलतो! हात कपाळाला, छातीला, खांद्यांना लागत राहिला तर मन कधीतरी मागून येते, हे त्यांनी स्वतः अनुभवले असावे.

१६५९ पासून आजार वाढला. कामाचे बळ उरले नाही. आजारपणाचा चांगला उपयोग व्हावा म्हणून त्यांनी एक प्रार्थना लिहिली, ती आजही रुग्णांच्या हाती देतात. ऑक्टोबर १६६१ मध्ये जॅकलिन वारली, ३६ वर्षांची असताना. याच काळात ते कमरेला खिळ्यांचा पट्टा बांधत आणि मनात अहंकार आला की कोपराने तो दाबत. असले काही आपण करू नये. दुखणे त्यांच्याकडे आधीच पुष्कळ होते.

त्यापेक्षा त्यांच्या शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन साध्या गोष्टी अनुकरणीय आहेत. मार्च १६६२ मध्ये त्यांच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरावीक मार्गाने, ठरावीक वेळी सुटणाऱ्या भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. घोड्यांच्या गाड्या, भाडे पाच सू. जगातल्या शहर बसचा तो आरंभ म्हणायला हरकत नाही. (न्यायालयाने मजूर आणि नोकरचाकरांना त्यात बसायला बंदी केली, हे दुर्दैव.) त्या हिवाळ्यात ब्लुआ भागात गरिबांची उपासमार चालली होती. गाड्यांच्या उत्पन्नातला आपला वाटा आगाऊ मिळावा म्हणजे तो तिकडे पाठवता येईल, असा त्यांचा प्रयत्न होता. भागीदारांशी ते जमले नाही. घरातले सामानही त्यांनी बरेचसे विकून टाकले.

स्वतःच्या घरात त्यांनी एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. जूनमध्ये त्या कुटुंबातल्या मुलाला देवी आल्या. पास्कल यांना तेव्हा रोज जिल्बर्तची शुश्रूषा लागे आणि तिच्या मुलांना लागण होण्याची भीती होती. सोपा उपाय म्हणजे त्या कुटुंबाला दुसरीकडे हलवणे. पास्कल म्हणाले की मुलाला हलवणे धोक्याचे आहे, मीच जातो. घराचा मालक आपले घर आजारी पोराला सोडून २९ जूनला बहिणीकडे राहायला गेला. तिथून तो परतला नाही.

जिल्बर्तकडे ते अंथरुणाला खिळले. पवित्र कम्युनियन मिळावे म्हणून त्यांनी वारंवार विनवले. डॉक्टरांचे मत असे की जिवाला धोका नाही, तेव्हा घाई कशाला, बरे झाल्यावर चर्चमध्ये जाऊन घ्या. दुखणाइताचे कुणी ऐकेना. लपलेल्या देवाविषयी ज्याने एवढे लिहिले, त्याला तो भाकरीतला देव दिवसामागून दिवस मिळेना. तेव्हा त्यांनी बहिणीला वेगळीच गोष्ट सांगितली. ख्रिस्ताचे शरीर मला मिळत नसेल तर त्याच्या शरीराचे अवयव तरी मिळू देत. एखादा गरीब आजारी माणूस शोधून या घरात आणा, त्याची माझ्यासारखीच सेवा करा, माझ्यासाठी जेवढे करता तेवढेच त्याच्यासाठी करा. जिल्बर्तने धर्मगुरूंकडे निरोप धाडला. हलवता येईल असा कुणी रुग्ण त्या वेळी मिळाला नाही. मग पास्कल म्हणू लागले की मला असाध्य रोग्यांच्या इस्पितळात न्या, मला गरिबांमध्ये मरायचे आहे. डॉक्टरांनी तेही होऊ दिले नाही.

१७ ऑगस्टच्या रात्री त्यांना झटके आले. सगळ्यांना वाटले संपले, आणि कम्युनियन न देता जाऊ दिले म्हणून घरात आकांत झाला. पण ते शुद्धीवर आले. धर्मगुरू ख्रिस्तशरीर घेऊन खोलीत आले, तेव्हा पास्कल कुणाच्याही मदतीशिवाय अर्धवट उठून बसले. श्रद्धेचे प्रश्न विचारले गेले, त्यांनी स्पष्ट उत्तरे दिली. अंतिम कम्युनियन आणि अभ्यंग मिळाला. १९ ऑगस्ट १६६२ रोजी पहाटे एकच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. संत स्टीफन यांच्या नावाच्या, पॅरिसमधील सँत-एतिएन-द्यु-माँ या चर्चमध्ये त्यांना पुरले. कबर आजही तिथे आहे.

काही दिवसांनी घरातला नोकर त्यांचे कपडे आवरत होता. अंगरख्याच्या अस्तरात एके ठिकाणी हाताला जाड लागले. त्याने शिवण उसवली. आत घडी केलेला चर्मपत्राचा तुकडा होता आणि त्याच्या पोटात एक कागद. त्या रात्रीचा तो कागद आणि चर्मपत्रावर नीट उतरवून घेतलेली त्याची प्रत. जिल्बर्तला किंवा कुटुंबातल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. पास्कल जवळजवळ आठ वर्षे तो अंगावर बाळगत होते. अंगरखा बदलला की जुन्याची शिवण उसवायची, कागद काढायचा आणि नव्याच्या अस्तरात पुन्हा शिवायचा, हे काम ते दुखऱ्या हातांनी स्वतःच करत, नोकराला सांगत नसत. चर्मपत्र पुढे हरवले. कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.